कापसाच्या खोलीतला सिनेमा

माझा दादा भांडत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे असं सगळं बीबी गाव म्हणतं. मी म्हणत नाही. मी त्याची धाकटी बहीण, जनका, आणि त्याच्या वाट्याची भांडणं जन्मभर मीच भांडत आले आहे. शाळेत कोणी त्याची पाटी फोडली तर त्या पोराच्या दारात मी जायची. त्याच्या लग्नात वाजंत्रीवाले ऐनवेळी रुसून बसले, तर हा नवरदेव गुमान वाजंत्रीविनाच निघाला होता. त्यांना परत उभं केलं ते मी. पुढे अंगणवाडीत इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली, तेव्हाही मला कोणी उगाच दबवलं नाही. दादाकडे बघून मात्र मला नेहमी वाटायचं, ह्या माणसाच्या तोंडात देवानं जीभ दिली आहे की नुसती चहा गरम आहे का ते बघायला दिली आहे?

तर गेल्या उन्हाळ्यात एक दिवस रामराव आमच्या अंगणात येऊन बसले.

रामराव म्हणजे दादाच्याच वयाचे, एका वर्गातले, गावातले मोठे शेतकरी. साठी उलटल्यापासून त्यांना जुन्या दिवसांचं वेड लागलं आहे. त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, 'बीबीचे सवंगडी'. त्यावर रोज सकाळी काहीतरी येतं. कधी चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर, कधी बेलबॉटमवाल्या पोरांचा फोटो, कधी दाबला की टिकटिक करणारा पत्र्याचा बेडूक. खाली लगेच सगळ्यांचं सुरू, काय दिवस होते, आताच्या पोरांना काय कळणार. मला हसू येतं. ज्या वर्षांचे हे गोडवे गातात त्याच वर्षांत आमची आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि आम्ही रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतो. पण खेळणी आमचीही होती, ते खोटं नाही. ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या होत्या, काडेपेटीच्या छापा होत्या, काठीनं पळवायचे सायकलचे टायर होते. जयंतीला कव्वालीचा सामना रंगला की दुसऱ्या दिवशी आमच्या भीमनगरातलं प्रत्येक पोर डबडं वाजवत कव्वाल व्हायचं.

"सहद्या," रामराव म्हणाले, "सगळे येऊन राह्यले बे. पुण्याचे, अकोल्याचे, संभाजीनगरचे. माह्या घरी मेळावा ठेवला. जुनी खेळणी मांडतो, जेवण ठेवतो. अन् आपला सिनेमा! कापसाच्या खोलीतला!"

दादा बाजेवर बसून कोणाची तरी बिघडलेली बॅटरी उघडत होता. त्याचा हात थांबला.

"ते खोली दुसऱ्या दिवशी पाडतो ना बे मी. पोराले तिथं गोडाऊन काढाचं हाये. जेसीबीवाल्याले सांगून ठेवलं. म्हणून म्हटलं, एक शेवटचा खेळ झाला पाह्यजे. जसं होतं तसं. तुह्याशिवाय तर होतच नाही. आरसा तुलेच धरा लागते."

"धरतो ना, रामभाऊ," दादा म्हणाला.

माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी अशी काही खाली ठेवली की बशीत चहा सांडला. रामराव दचकले. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हा सिनेमा काय होता ते आता सांगायला पाहिजे, नाहीतर माझा राग कोणाला कळणार नाही.

तेव्हा बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा यायचा. खेळ चालू असताना फीत तुटायची, मशीनवाला खराब तुकडा कापून टाकायचा आणि दोन टोकं चिकटवून पुढे सुरू करायचा. ते कापलेले तुकडे तंबूमागे पडायचे. दादा सकाळी उजाडल्या उजाडल्या तिथं जायचा, मातीतून एकेक तुकडा उचलायचा, सदऱ्याला पुसायचा आणि तपकिरीच्या डबीत ठेवायचा. त्यानंच कुठून तरी गेलेला बल्ब आणला, आतली तार न फोडता काढली, त्यात पाणी भरून तोंड मेणानं बंद केलं. ते झालं भिंग. अंधाऱ्या खोलीत दाराच्या भोकापाशी फितीचा तुकडा धरायचा, त्याच्यापुढे हा पाण्याचा बल्ब, आणि समोरच्या भिंतीवर पांढरं धोतर. फीत उलटी धरायची, म्हणजे धोतरावर चित्र सुलट पडतं. आणि उजेड? उजेड बाहेरून. कोणीतरी अंगणात उन्हात बसायचं, आरशावर ऊन घ्यायचं आणि ते बरोबर त्या भोकातून आत सोडायचं. ऊन एका जागी थांबत नाही, त्यामुळे आरसाही हळूहळू फिरवत राहावा लागतो. जरा हात हलला की आत अंधार.

फीत दादाची. बल्ब दादाचा. आरसा आमच्या आईचा, पत्र्याच्या चौकटीचा, जत्रेतला. डोकं तर दादाचंच. पण आमची घरं कुडाची, प्रत्येक फटीतून ऊन आत यायचं. आमच्याकडे सगळं होतं, अंधार तेवढा नव्हता. अंधार रामरावांकडे होता. त्यांची कापसाची खोली जाड भिंतींची, वर मातीचं धाबं, खिडकी नाही, आणि दाराच्या फळीतली एक गाठ गळून पडलेली, तिथं रुपयाएवढं भोक. कापूस विकला की उन्हाळाभर ती रिकामी असायची.

रामरावांची आई, वच्छलाकाकू, पहिल्याच दिवशी दारात उभी राहिली. दादा बल्ब घेऊन आत जायला निघाला होता. काकू म्हणाली, "बल्ब दे राम्याजवळ. तू बाहेरच बरा."

ती वाईट बाई नव्हती. जाताना आम्हाला गूळ द्यायची. वरून टाकायची हातात, एवढंच.

मग दादानं आरसा घेतला आणि अंगणातल्या दगडावर बसला. मी त्याच्याशेजारी. आतून रामराव ओरडायचे, "डावीकडे घे बे सहद्या! वर, अजून वर! हां, हात हलवू नको!" मग आत पोरांचा एकच गलका उठायचा. दादा बाहेरून विचारायचा, "दिसते का, रामभाऊ?" एका वर्गातला, एका वयाचा पोरगा, साऱ्या गावातली पोरं त्याला राम्या म्हणायची, आणि हा दहा वर्षांचा असताना रामभाऊ म्हणायचा. तसं आईनंच शिकवलं होतं. तर हा विचारायचा, दिसते का. आतून उत्तर यायचं नाही. हा पुन्हा विचारायचा. पुन्हा काही नाही. घरी येताना दादा फितीचा तुकडा आभाळाकडे धरून मला दाखवायचा. त्यात नखाएवढी नटी असायची. तिचं नाकसुद्धा कळायचं नाही.

असे किती उन्हाळे गेले. कोणीतरी बाहेर बसावं लागतंच, आणि सहद्याचा हात सगळ्यांत स्थिर, हेच मग कारण होऊन बसलं. काकूचं ते वाक्य सगळे विसरून गेले. मी विसरले नाही.

पुढे दादा एसटीत लागला, मेहकर डेपोत इलेक्ट्रिशियन. गाड्यांचे हेडलाइट बसवणं हे त्याचं खास काम. गाडी भिंतीसमोर उभी करायची आणि दोन्ही दिव्यांचे गोल भिंतीवर बरोबर जागेवर आणायचे. दादानं दिवा बसवला की घाटात समोरच्याच्या डोळ्यावर येत नाही, असं ड्रायव्हर लोक सांगायचे. त्याची ड्यूटी असेल तेव्हाच गाडी आणायचे. मला मात्र कधी डेपोत गेले आणि तो भिंतीसमोर उभा दिसला की अंगणातला तो दगड आठवायचा. भिंतीवर उजेड पाडण्यात त्याचा जन्म गेला, आणि त्या उजेडात चित्र कधी आलं नाही.

आता तो रिटायर झाला आहे. वहिनी गेली. मुलगा प्रसेनजित पुण्याला बोलावतो, पण हा जात नाही. गावातल्या बॅटऱ्या, पंखे दुरुस्त करत बसतो. रामरावांकडे त्याचं येणंजाणं असतं. त्यांच्या ओसरीवर बसतो, त्यांच्याच कपातून चहा पितो, लग्नाकार्यात त्यांच्या पंगतीत जेवतो. काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आता त्याला कोणी अडवत नाही.

रामराव गेल्यावर मी दादाला फाडून खाल्लं. "काऊन हो म्हटलं? अजून बी उन्हात बसाची हौस हाये का? जसं होतं तसं म्हणे! त्याईचं होतं, तुहं काय होतं?"

दादा उठला. आत जाऊन तपकिरीची डबी घेऊन आला. मला वाटलं होतं ती कधीच गेली असेल. त्यानं झाकण उघडलं तर आंबूस वास आला. सगळ्या फिती एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. एकच तुकडा वेगळा निघाला, तोही कडक, वाळल्या सालपटासारखा वाकलेला.

"हे एकच उरली," दादा म्हणाला. मग झाकण हातात फिरवत म्हणाला, "जनके, मले एक डाव आतून पाहाचं हाये."

साठी उलटलेल्या माणसानं असं म्हणावं आणि डबीकडे बघत म्हणावं, मला रडू आलं. मग लगेच राग आला.

"अरे, मेहकरले किती सिनेमे पाह्यले तूनं! वहिनीले घेऊन जात होता. ह्याच्यात काय ठेवलं?"

"ते लोकाईचे होते. हा माहा होता."

"मंग सांग रामरावाले. नाहीतर मी सांगतो, आताच जातो."

"नाही." एवढ्या जोरात तो कधी बोलत नाही. "सांगून काय पाहाचं? त्याईच्या ध्यानात आलं पाह्यजे. अन् तू एक शब्द बोलाचा नाही त्यांच्यापाशी. तुले माही शपथ हाये."

शपथा-बिपथा मी मानत नाही. पण दादाची शपथ मोडायची माझी छाती नाही.

मेळाव्याच्या दिवशी रामरावांच्या अंगणात मांडव होता. एका लांब टेबलावर खेळणी मांडलेली: भोवरे, गोट्या, पत्र्याची आगबोट, तो टिकटिक बेडूक, धांड्याची बैलगाडी. वर फलक, 'जसं होतं तसं'. पोटं सुटलेले, डोक्यावरचे केस गेलेले बाप्ये भोवऱ्याला दोरी गुंडाळत होते आणि हात जमत नाही म्हणून खिदळत होते. कापसाच्या खोलीच्या भिंतीला लागून जेसीबी आधीच येऊन उभा होता. त्याचा पिवळा हात धाब्यापर्यंत पोचला होता. मी आल्यापासून आभाळाकडे बघत होते. अवकाळीचे ढग तुकड्यातुकड्यानं सरकत होते.

रामराव धावत आले आणि दादाचा हात धरून त्याला अंगणाच्या मध्यावर घेऊन गेले.

"हे पाह्य! दगड बी तोच शोधून आणला बे! गोठ्यामागं पडला होता. दोन माणसं लावून जागेवर ठेवला."

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. खोटं कशाला बोलू. दगड त्यांना आठवला होता, त्याची जागा आठवली होती. मी पदराचं टोक दातात धरलं.

रामरावांची सून पुष्पांजली हुशार पोरगी आहे. ती म्हणाली, "बाबा, कायले काकाले उन्हात बसवता? आपण आत मोबाईलचा टॉर्च लावू. तेवढंच चांगलं दिसते."

माझ्या जीवात जीव आला. टॉर्च लावला तर बाहेर कोणी बसायलाच नको! मी दादाकडे पाहिलं. तो रामरावांकडे बघत होता.

"छ्या!" रामराव म्हणाले. "टॉर्चवर काय मजा हाये? उन्हाचा सिनेमा उन्हाचाच. अन् सहद्याचा आरसा म्हणजे सहद्याचा आरसा. काय बे?"

"हाव," दादा म्हणाला आणि दगडावर बसला. डोक्यावर दुपट्टा घेतला, आईचा आरसा फडक्यातून काढला. मी त्याच्याशेजारी खाली बसले, पूर्वीसारखी.

फीत आणि बल्ब धरायला पुष्पांजली आत गेली, मागोमाग पहिले काही लोक गेले. दार लागलं. दादानं आरसा फिरवला आणि उजेडाचा ठिपका एका झटक्यात भोकात बसवला. मला वाटतं, झोपेतसुद्धा त्यानं तो बसवला असता. आतून रामरावांचा आवाज आला, "डावीकडे घे बे सहद्या!" खरं तर डावीकडे घ्यायची काही गरज नव्हती. त्यांना नुसतं तसं ओरडायचं होतं. मग आत हसणं, टाळ्या, शिट्ट्या.

"दिसते का, रामभाऊ?" दादानं विचारलं.

उत्तर आलं नाही.

एक गट बाहेर यायचा, दुसरा आत जायचा. बाहेर येणारे डोळे चोळत येत, दादाच्या पाठीवर थाप मारत, "वा रे सहदेव, अजून बी हात तसाच हाये!" म्हणत आणि आगबोट बघायला जात. एकजण त्याच्यासोबत सेल्फी काढून गेला, आरशासकट. प्रत्येक वेळी दार उघडलं की दादा मान वर करायचा. प्रत्येक वेळी रामरावांचं तोंड बाहेर यायचं आणि ते पुढच्यांना आत घ्यायचे. माझ्या तोंडात शब्द येऊन येऊन परत जात होते. दादाचा सदरा पाठीला चिकटला होता.

मग आतून पुष्पांजलीचा आवाज आला. "काका, थांबा, थांबा! पट्टीले चीर गेली!"

दादा अर्धवट उठला. "कुठून?"

"कडेनं. अजून एखादा डाव चालन. मंग नाही."

रामराव दारात येऊन उभे राहिले आणि मांडवाकडे तोंड करून ओरडले, "शेवटचा खेळ! कोण राह्यलं? पाहाचं कोण राह्यलं सांगा!"

त्यांनी सगळीकडे पाहिलं. मांडवात पाहिलं, टेबलापाशी पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. आमच्यावरून त्यांची नजर दोनदा गेली. दादाच्या हातातल्या आरशातला उजेड भिंतीवर थरथरला. त्याचा हात हललेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. फाटकातून तेवढ्यात पुण्याहून उशिरा पोचलेलं एक जोडपं आलं. "या, या, तुमच्यासाठीच थांबवलं!" म्हणत रामरावांनी त्यांना आत घेतलं.

दादानं उजेड भोकात बसवला आणि धरून ठेवला. या वेळी त्यानं 'दिसते का' विचारलं नाही.

दार उघडलं. जोडपं बाहेर आलं, मागून रामराव. "झालं! पट्टी अजून तग धरून हाये म्हणते पुष्पा, पण आता पुरे. चला, जेवाले चला सगळे!" मांडवात पत्रावळी पडायला लागल्या होत्या. दादानं फडकं झटकलं आणि आरसा गुंडाळायला घेतला. चेहऱ्यावर काही नाही. तो तसाच गुंडाळून घरी आला असता, हातपाय धुतले असते आणि कोणाची तरी बॅटरी उघडून बसला असता. उद्या सकाळी जेसीबी.

शपथ न बोलण्याची होती. मी बोलले नाही. मी त्याच्या हातातून आरसा काढून घेतला, फडकं बाजूला टाकलं, आणि त्याला दंडाला धरून उठवून त्या दगडावर मी बसले.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी फक्त दाराकडे बोट केलं.

तो चालत गेला. दारापाशी त्यानं चपला काढल्या. रामराव तिथंच उभे होते.

"अबे, चाल ना सहद्या. पहिल्याच पंगतीले बसू."

"मले पाहाचं हाये, रामभाऊ."

"काय पाहाचं हाये?"

"सिनेमा."

रामराव हसले. "तुले? अबे, हजार डाव तर पाह्यला असन तूनं!"

"दाखवला. पाह्यला नाही."

"म्हणजे? एक डाव बी नाही?"

दादानं मान हलवली.

रामरावांचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, दगडावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. तो माणूस तिथं उभ्या उभ्या एकेक उन्हाळा मागे जात होता आणि त्या खोलीतल्या अंधारात दादाला शोधत होता. हे मला समोर दिसत होतं. दादा काही त्यांना सापडला नाही. "पण आई..." असं काहीतरी ते म्हणाले आणि थांबले. मग घसा खाकरून आत वळून म्हणाले, "पुष्पा, पट्टी लाव." माफी-बिफी काही मागितली नाही. मी वाट पाहिली होती, म्हणून सांगते.

दादा आत गेला. दार लागलं. रामराव बाहेरच राहिले.

आता सगळं माझ्या हातात होतं आणि माझा हात म्हणजे काय सांगू! उजेड धाब्यावर गेला, जेसीबीच्या काचेवर गेला, रामरावांच्या सदऱ्यावर गेला, भोक सोडून सगळीकडे गेला. "डावीकडे घ्या बाई, डावीकडे!" रामराव सवयीनं ओरडले. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. कसाबसा ठिपका दाराच्या फळीवर आणला, भोकाच्या कडेला लावला, आणि आरशातलं ऊन मेलं.

ढग आला होता. चांगला जाड, करडा, कुठं फट नाही. मांडव झाकोळला. पंगतीत वरण वाढायला लागले होते. कोणीतरी हाक मारली, "रामभाऊ, या ना!" रामरावांनी हातानंच थांबा म्हटलं. ते आभाळाकडे बघत होते, मी आभाळाकडे बघत होते, आणि आत दादा अंधारात बसला होता. किती वेळ गेला माहीत नाही. मला एकच वाटत होतं, हा आता दार उघडून बाहेर येईल आणि 'राहू द्या' म्हणेल. त्याला ते शब्द फार जवळचे आहेत.

दार उघडलं नाही.

रामराव माझ्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. "आणा तो आरसा. तुमी बी जा आत."

"जमते का तुमाले?"

"नाही जमत. जा तुमी."

ते त्या दगडावर बसले. गुडघे धरून, कण्हत बसले. डोक्यावर काही नव्हतं. मी उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत गेले.

आत सरकीचा जुना वास होता. पुष्पांजलीनं दार लावलं. चाचपडत पुढे गेले तर हाताला दादाचा खांदा लागला. तो पोत्यावर बसला होता.

"कोण धरून राह्यलं बाहेर?" त्यानं विचारलं.

"रामराव."

अंधारात त्याचा श्वास ऐकू येत होता. मग भोक उजळलं. उजेडाची काडी आत आली, छताला लागली, माझ्या पदरावर आली, निघून गेली. पुन्हा आली. मग बल्बमध्ये काहीतरी चमकलं आणि समोरच्या धोतरावर चित्र उभं राहिलं.

रंग सगळे उडाले होते, नुसता लाल उरला होता. लाल रस्ता, लाल झाडं, आणि सायकलवर एक मुलगी. केस मागे उडालेले, तोंड हसण्यासाठी उघडलेलं. भिंतीएवढी! चित्र हलायचं, एका बाजूला घसरायचं, अर्धी मुलगी अंधारात जायची आणि परत यायची. कडेला पट्टीची चीर विजेसारखी दिसत होती. दादा पुढे झुकला होता. त्याच्या तोंडावरही लाल उजेड पडला होता.

"तिचे पाय उघडे हायेत," तो हळूच म्हणाला. "चप्पल नाही तिच्या पायात. हे नव्हतं मले माहीत."

मी बघितलं. खरंच नव्हती. नखाएवढ्या चित्रात ते कसं कळणार? मी तिच्या पायांकडे बघत राहिले, मग केसांकडे, मग त्या रस्त्याकडे.

बाहेरून आवाज आला. "दिसते का बे?"

मी ऐकलं. पण उत्तर देण्यासाठी नजर काढावीशी वाटली नाही. पुष्पांजलीही गप्प होती. पुन्हा आवाज आला, जरा घाबरलेला, "सहद्या, दिसते का?"

आणि मला लाज वाटली. आम्ही दोघं बाहेर बसून विचारायचो तेव्हा आतून उत्तर का येत नसे, ते मला त्या क्षणी कळलं. आत बसलेल्याला बाहेरचा माणूस आठवतच नाही. मलाही आठवला नव्हता, आणि मी तर आत्ताच त्या दगडावरून उठून आले होते.

दादानं तेवढ्यात चित्रावरची नजर काढली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली त्याच्यावरून काढली, दाराकडे तोंड केलं आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडला,

"दिसते, राम्या! चांगलं दिसते! हात हलवू नको बे!"

बाहेरून काही उत्तर आलं नाही. धोतरावरचं चित्र मात्र हलायचं थांबलं.